खाणीत जुनं काही निघालं तर: पोकलेन थांबवण्यापासून पोचपावतीपर्यंत

३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरमला रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला जांभ्या खडीच्या एका खाणीत घडवलेला दगड मिळाला. ती हातकुऱ्हाड होती. भारतात जुन्या अश्मयुगातला माणूस राहत होता, याचा ओळखला गेलेला पहिला पुरावा तोच. खडीसाठी कुणीतरी खड्डा खणला होता म्हणून तो उजेडात आला. साधारण त्याच सुमाराला पंजाबात लाहोर-मुलतान रेल्वेच्या भरावासाठी हडप्प्याच्या भाजक्या विटा गाड्या भरभरून जात होत्या. त्या विटा केवढ्या जुन्या आहेत, हे कळायला पुढे साठेक वर्षं जावी लागली.

खाणीमुळे जुनं उजेडात येतं आणि खाणीतच ते कायमचं जातं. यातलं काय घडणार, हे बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात ठरतं. त्या तासात तिथे पुरातत्त्वाचा माणूस नसतो. असतात ते ऑपरेटर, मुकादम, डंपरवाला, शेतमालक आणि बातमी ऐकून धावत आलेला गाव. हा लेख त्यांच्यासाठी आहे. महाराष्ट्रातल्या मुरूम, खडी, चिरा (बांधकामाचा जांभा दगड) आणि मातीच्या खाणी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

वस्तूपेक्षा जागा महत्त्वाची का?

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं खोड उकरताना चार कांस्यवस्तू मिळाल्या: बैल जुंपलेला आणि माणूस उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळं मिळून वजन साठ किलोच्या वर. भारतीय पुरातत्त्वात या तोडीच्या कांस्यवस्तू फार थोड्या आहेत. तरीही त्या नेमक्या केव्हाच्या, हा वाद संपलेला नाही. काही अभ्यासक त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानतात. काहींना धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून शंका वाटते. त्या रीतसर उत्खननात, विशिष्ट थरात, आजूबाजूच्या खापरांसकट मिळाल्या असत्या, तर हा वाद इतका लांबलाच नसता. नंतर तिथे कित्येक हंगाम उत्खनन झालं, पण त्या चार वस्तू ज्या मातीत होत्या ती माती परत आली नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीसाठी आहेत: वस्तू कुठे होती, किती खोल होती आणि कशाशेजारी होती, हे टिकवायचं. वस्तू चोरीला गेली, फुटली, तरी नोंद असेल तर बरंच कळतं. नोंद नसेल तर संग्रहालयातल्या काचेमागची अखंड मूर्तीसुद्धा मुकी राहते.

पहिली पायरी: खाण उघडण्याआधी जमीन पायी फिरून पाहा

सर्वांत जास्त नुकसान टळतं ते इथे, आणि नेमकी हीच पायरी कुणी करत नाही. कोणत्या जमिनीत काय शोधायचं ते वेगवेगळं असतं.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेली चित्रं म्हणजे कातळशिल्पं आहेत. उक्षी, जांभरूण, कशेळी, देवीहसोळ, रुंढे तळी, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती लांबीला अठरा मीटरच्या आसपास आहे आणि त्याच्या पोटात अनेक प्राणी कोरलेले आहेत. एवढं मोठं चित्र जमिनीवर उभं राहून एका नजरेत दिसत नाही. दिसतात त्या फक्त कातळातल्या बोट-दोन बोटं रुंद खाचा, त्याही मातीनं आणि गवतानं भरलेल्या.

चिरेखाणीचा धोका वेगळा आहे. मुरमाच्या खाणीत वस्तू खणता खणता वर येते. चिरेखाणीत मात्र शिल्प सगळ्यांत वरच्या पृष्ठभागावर असतं, आणि चिरा कापायच्या आधी तोच पृष्ठभाग खरवडून सपाट केला जातो. म्हणजे पहिला चिरा निघायच्या आत शिल्प गेलेलं असतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्यामुळे सड्यावर मशीन चढवण्याआधी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना, पट्टा (खाणीसाठी मिळालेली जमीन) चालून पाहायचा. दुपारच्या उन्हात खाच दिसत नाही. तिरप्या उन्हात तिच्या एका कडेला सावली पडते. गवत वाळल्यावरचे महिने त्यातल्या त्यात बरे. खराट्यानं माती झाडावी, फावड्यानं खरवडू नये. आणि गुराख्यांना विचारावं. रत्नागिरी परिसरात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी कातळशिल्पांची जी शोधमोहीम केली, तिला गावकऱ्यांच्या माहितीचा मोठा आधार होता. गोव्यात सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठची उसगाळीमळची चित्रं १९९३ मध्ये अभ्यासकांपर्यंत पोचली, तीही स्थानिकांनी सांगितल्यामुळेच.

देशावर आणि मराठवाड्यात नजर ठेवायची ती पांढरीच्या टेकाडांवर. गावाची काळी आणि पांढरी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत: काळी पिकाची, पांढरी वस्तीची. ओसाड टेकाडाची माती राखट, भुसभुशीत, पांढुरकी असेल आणि तिच्यात खापरं चमकत असतील, तर ते जुनं गाव आहे. घरांच्या धाब्यासाठी, शेतात टाकायला, अलीकडे भरावासाठी ही टेकाडं कडेकडेनं कापली जातात. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या पांढरीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या नसत्या, तर आजचं तेरचं संग्रहालय उभं राहिलं नसतं. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून अभ्यासकांना इटलीतल्या पाँपेईत मिळालेली मूर्ती आठवते.

विदर्भात माळरानावर मोठ्या धोंड्यांची वर्तुळं दिसतात. ही लोहयुगातली दफनस्थळं आहेत. नागपूरजवळच्या जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळं नोंदली गेली आहेत. माहूरझरीला घोड्याच्या साजाचे तांब्याचे दागिने मिळाले. रस्त्याच्या खडीसाठी धोंडे उचलायला माणूस येतो, तेव्हा त्याला आयते सुटे, मापात बसणारे दगड दिसतात. माळावर पंधरा-वीस धोंडे गोलात असतील, तर ते तिथे आपोआप आलेले नाहीत एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं.

पट्टा मंजूर होण्याआधी आणखी एक चौकशी करायची. जवळपास केंद्र सरकारनं संरक्षित केलेलं स्मारक असेल, तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत खाणकामाला मनाई आहे आणि त्यापुढचं २०० मीटरचं क्षेत्र नियंत्रित आहे. जून १९९२ च्या अधिसूचनेत बांधकामाबरोबर खाणकामाचाही स्पष्ट उल्लेख होता. राज्य संरक्षित स्मारकांची यादी वेगळी आहे, तीही पाहावी.

दुसरी पायरी: खाणीची कड वाचायला शिका

हे जमलं की सगळं जमलं. यंत्रानं कापलेली उभी कड म्हणजे जमिनीचा छेद. निसर्गानं घातलेले थर सहसा लांबवर एकसारखे जातात. माणसानं केलेली उलथापालथ मध्येच सुरू होते आणि मध्येच संपते.

एक उदाहरण नीट पाहू. पिवळसर मुरमाची कड आहे, वर हातभर काळी माती. त्या मुरमात एका जागी वाटीसारखा, गडद राखाडी मातीचा ठिपका दिसतो. वर रुंद, खाली निमुळता, कडा स्पष्ट. हा खड्डा आहे. कुणीतरी कधीतरी मुरूम खणून तो मातीनं भरला. त्या ठिपक्यात मातीची दोन भांडी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली दिसली, तर तिथल्या तिथे थांबा. ते लहान मुलाचं दफन असण्याची दाट शक्यता आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हीची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) घरांच्या जमिनीखाली अशी दफनं मोठ्या संख्येनं मिळाली. प्रौढ माणसांच्या सांगाड्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली आढळली. बकेटचा एक दात लागला तर दोन्ही भांडी फुटतात, आत असतात ती काडीसारखी बारीक हाडं मुरमात मिसळतात आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वी एका घरानं आपलं मूल कसं मातीत ठेवलं, हे पुन्हा कुणालाच कळत नाही.

कडेत आणखी काय पाहायचं? राखेचा पट्टा. भाजून लाल झालेली मातीची पातळ रेघ, म्हणजे चूल किंवा भट्टी. चुन्याचा किंवा शेणमातीचा सारवलेला थर. एकावर एक ठेवलेल्या भाजक्या मातीच्या कड्या, म्हणजे जुनी कड्यांची विहीर किंवा शोषखड्डा. आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट लांब विटा, ज्या सातवाहन काळातल्या वसाहतींत नेहमी आढळतात. तांबड्या खापरावर काळ्या रंगाची रेघांची नक्षी असेल आणि टिचकी मारल्यावर ते खणखणत असेल, तर ते ताम्रपाषाणयुगातल्या जोर्वे पद्धतीचं असू शकतं.

नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या घट्ट थरात, म्हणजे प्रवरा, गोदावरी, भीमा, कुकडी यांच्या जुन्या भरावात, दगडी हत्यारं असतात. हाताच्या पंजाएवढा दगड, दोन्ही बाजूंनी टवके काढलेला, एका टोकाला निमुळता आणि कडेनं धार. गोटा आपोआप फुटतो तेव्हा एखाद-दुसरा टवका जातो. हत्यारावर टवक्यांची रांग असते, आणि ती एका आकाराकडे जाते.

फसवणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात, नाहीतर दर आठवड्याला तहसीलदारांना फोन जाईल. काळ्या पाषाणाचे पाच-सहा कोनी खांब रांगेनं उभे दिसले तर ते मंदिर नाही. लाव्हा थंड होताना असे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यात रस्त्याच्या कामात असे खांब निघाले तेव्हाही पुरातन वास्तूची चर्चा झालीच होती. कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडे तोफगोळे नसतात. दगडाच्या पोकळीतले चमचमणारे स्फटिक हिरे नसतात. जांभ्यातल्या नळीसारख्या आरपार भोकांत कोरीवकाम नसतं. आणि दगड झालेलं हाड किंवा झाडाचं खोड निघालं, तर ते बहुधा माणसाच्या फार आधीचं असतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. तेही जपायचंच, फक्त कळवायचं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला.

तिसरी पायरी: थांबवा

संशय आला की ऑपरेटरनं बकेट वर घ्यायची आणि यंत्र मागे न्यायचं. “एवढी एक खेप भरून घे, मग बघू,” असं म्हणायचं नाही. सगळी खाण बंद करायची गरज नसते. सापडलेल्या जागेभोवती दहा-पंधरा मीटरवर चुन्याची फक्की टाका, चार खुंट्या ठोकून दोरी बांधा, आणि काम खाणीच्या दुसऱ्या तोंडाला वळवा. सुरुंगाचं काम असेल तर त्या दिवसाचा ब्लास्ट पुढे ढकलावा, कारण हादऱ्यानं कडच खाली येते.

माणसांचा जीव आधी. उभ्या कडेखाली कुणी उकिडवं बसून माती उकरत बसायचं नाही. मुरमाची कड न सांगता ढासळते. सुरुंग लावलेल्या खाणीत न फुटलेला दारूगोळा राहिला असेल, तर ब्लास्टरनं तपासल्याशिवाय कुणालाही आत सोडू नका.

मुकादमानं इथे एक काम आवर्जून करावं: ज्या मजुराला किंवा ऑपरेटरला वस्तू आधी दिसली, त्याचं नाव लगेच वहीत लिहावं. पुढे कायद्यात सापडवणाऱ्याला स्वतंत्र हक्क आहे. खाणीतला मजूर बहुतेक वेळा बाहेरगावचा, रोजंदारीवरचा असतो, आणि पंचनामा होईपर्यंत त्याचं नाव गळून मालकाचं किंवा पुढाऱ्याचं नाव लागतं. हे होऊ देऊ नका.

चौथी पायरी: मोबाईलवर नोंद

लोकेशन चालू करा. पहिला फोटो लांबून, सगळी खाण आणि मागची टेकडी किंवा झाड ओळखू येईल असा. दुसरा मधला, पूर्ण कड दिसेल असा. तिसरा जवळून. मधल्या आणि जवळच्या फोटोत माप हवं: फूटपट्टी, टेप, नाहीतर पेन. उत्तर दिशा कुठे ते कागदावर बाण काढून फोटोत ठेवा. कंपास नसेल तर मोबाईलवरचा चालतो.

मग वहीत: तारीख, वेळ, गाव, गट नंबर, जमिनीच्या मूळ पृष्ठभागापासूनची खोली, कोणत्या रंगाच्या थरात, शेजारी काय होतं. खोली मोजताना चूक होते ती अशी की वरची माती आधीच काढलेली असते आणि लोक खाणीच्या टप्प्यापासून मोजतात. शेजारच्या न खणलेल्या जमिनीपासून मोजायचं.

आता मागे वळा आणि ढिगाकडे पाहा. जे दिसलं त्याच्या आधीच्या दोन-चार बकेटांत त्याचा अर्धा भाग गेलेला असू शकतो. तो ढीग वेगळा ठेवा, त्यावर फळी रोवून “हलवू नये” लिहा. सकाळपासून किती खेपा बाहेर गेल्या हे वाहतूक पासांवरून काढता येतं. त्यावर गाडीचा नंबर आणि माल कुठे जाणार ते असतं. माल शेजारच्या रस्त्याच्या भरावावर पडला असेल आणि अजून रोलर फिरला नसेल, तर तिथल्या ठेकेदाराला लगेच फोन करा. फुटलेल्या मूर्तीचा हात किंवा ताम्रपटाचा दुसरा पत्रा भरावाच्या ढिगातून परत मिळू शकतो.

पाचवी पायरी: हात लावायचा नाही, आणि लावावाच लागला तर

जागेवर राहू शकत असेल तर राहू द्या. पाऊस येणार असेल, कड पडणार असेल किंवा रात्री चोरीची भीती असेल, तेव्हाच उचला, तेही दोन पंचांसमोर आणि फोटो काढून झाल्यावर.

सगळ्यांत जास्त नाश धुण्यानं होतो. तांब्याची नाणी चिंच, लिंबू किंवा राखेनं घासली की हिरवा थर जातो, आणि त्याबरोबर अक्षरंही जातात. नाण्यांचा गोळा झाला असेल तर तो तसाच ठेवावा. सुटी करू नयेत. नाणी मडक्यात असतील तर मडकं रिकामं करू नका, कारण कोणतं नाणं तळाला आणि कोणतं वर, यालाही अर्थ असतो. ताम्रपट बहुधा तीन पत्र्यांचा, कडीत ओवलेला आणि कडीवर राजमुद्रा असलेला असतो. पत्रे वाचायला म्हणून ती कडी कापायची नाही. लोखंड मातीसकट कागदात गुंडाळावं. हाड, हस्तिदंत, शिंपला उन्हात ठेवला तर तडकतो. सावलीत, ओलसर मातीसकट ठेवा. कोळशाचे तुकडे उघड्या हातानं उचलू नयेत. काळ ठरवायला ते लागतात, आणि हातापेक्षा स्वच्छ करणीनं उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवलेले बरे. प्रत्येक पुडीत गट नंबर, खोली आणि तारखेची चिठ्ठी टाका. चिठ्ठी पेन्सिलनं लिहावी. पेनची शाई ओलीनं पसरते.

मानवी हाडं निघाली तर आधी पोलीस. ती जुनी आहेत की अलीकडची, हे आपण ठरवायचं नाही.

मूर्ती निघाली की

हा प्रसंग सर्वांत नाजूक. मूर्ती निघाल्याची बातमी पाच मिनिटांत गावभर होते, आणि तासाभरात हळद-कुंकू, तेल, दुधाचा अभिषेक सुरू होतो. लोकांच्या श्रद्धेला तोडून बोलण्यात काही हशील नाही, आणि ते योग्यही नाही. गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला किंवा पुजाऱ्याला बाजूला घेऊन समजवा: “बाबा, फुलं वाहू, दिवा लावू, पण लांबून. शेंदूर आणि तेल आत मुरलं की मूर्तीवरची अक्षरं कायमची जातील.” बहुतेक ठिकाणी हे ऐकलं जातं. पाषाणाच्या पाठीमागे किंवा पीठावर लेख असण्याची शक्यता असते, हे लोकांना माहीत नसतं एवढंच.

मूर्ती कोणत्या देवतेची, कोणत्या धर्माची, यावर जागेवर निवाडा देऊ नका. सातवाहन, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव अशा राजवटींच्या काळात आपल्या भूमीत बौद्ध, जैन, शैव, वैष्णव अशा सगळ्यांच्या वास्तू होत्या, आणि अर्धवट मातीत असलेल्या मूर्तीवरून अंदाज चुकतात. चुकीचा अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की मग तो मागे घेता येत नाही. लोकेशनसकट फोटो ग्रुपवर टाकणं तर कटाक्षानं टाळा. त्यानं गुप्तधन शोधणारे रात्रीचे येतात. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि असा सुगावा लागला तर पोलीस पाटलांना ताबडतोब सांगावं.

सहावी पायरी: कळवायचं कुणाला आणि कसं

फोन पोलीस पाटील आणि तलाठ्यांना. लेखी अर्ज तहसीलदारांकडे, प्रत जिल्हाधिकारी आणि जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना, आणखी एक राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला. जागा केंद्र संरक्षित स्मारकाजवळ असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयालाही. जवळच्या विद्यापीठात पुरातत्त्व विभाग असेल किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज आवाक्यात असेल, तर तिथल्या प्राध्यापकांना फोटो पाठवा. सरकारी पत्र पोचायच्या आत त्यांचं “मुरमातलं ते भांडं हलवू नका, मी उद्या येतो” असं उत्तर येऊ शकतं.

अर्ज एवढाच पुरेसा आहे:

“प्रति, मा. तहसीलदार. विषय: मौजे … येथील गट क्र. … मध्ये खोदकामात आढळलेल्या जुन्या वस्तूंबाबत. महोदय, दिनांक … रोजी … वाजता वरील गटात परवानगीप्राप्त खोदकाम सुरू असताना जमिनीपासून सुमारे … फूट खोलीवर … आढळले. प्रथम पाहणारी व्यक्ती: … . जमीनमालक: … . अंदाजे संख्या/किंमत: … . त्या भागातील काम थांबवले आहे. वस्तू जागेवरच आहेत / पंचांसमक्ष … येथे ठेवल्या आहेत. फोटो जोडले आहेत. पंचनामा करून पुरातत्त्व विभागाकडून पाहणी व्हावी, ही विनंती.”

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पुढे कुणी “लपवलं” असा आरोप केला तर तो शिक्काच तुमच्या बाजूनं उभा राहतो.

कायदा काय म्हणतो

जमिनीत पुरलेली मौल्यवान वस्तू १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाखाली येते. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही मिळालं, तर सापडवणाऱ्यानं ते कसलं आणि किती, कुठे, केव्हा सापडलं, हे शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची किंवा तारण द्यायचं. त्यानंतर जाहीर सूचना निघते आणि दावेदारांना सूचनेपासून चार महिन्यांनंतरची, पण सहा महिन्यांच्या आतली तारीख मिळते. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालकाशी आधी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडवणाऱ्याचा, एक चतुर्थांश जागेच्या मालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन घेता येतो. कळवलं नाही तर वाटा जातो, आणि वर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मजुराचं नाव वहीत लिहा, असं वर म्हटलं ते याचसाठी.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, लेख या पुरावस्तू ठरतात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. खाणीवर दुसऱ्याच दिवशी मोटारीतून येऊन रोख पैसे पुढे करणारा माणूस याच गुन्ह्यात तुम्हाला ओढत असतो.

“जमीन सरकार घेईल” ही भीती सगळ्यांत मोठी, आणि लपवालपवीचं मूळही तीच. मडकं किंवा मूर्ती सापडली म्हणून जमीन आपोआप जात नाही. एखादं स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून संरक्षित करायचं झालं, तर १९५८ च्या केंद्रीय कायद्यात आधी सूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. खाणपट्टाधारकाचं भाडं आणि यंत्राचे हप्ते चालू असतात हे खरं आहे. म्हणूनच पहिल्याच अर्जात “पट्ट्याच्या अमुक भागात काम चालू ठेवण्यास परवानगी द्यावी” अशी ओळ घाला, सोबत हातानं काढलेला नकाशा जोडा. अधिकाऱ्यालाही असा स्पष्ट प्रस्ताव समोर असेल तर निर्णय घेणं सोपं जातं.

पाहणी होईपर्यंत

माणूस यायला दिवस जातात. तोवर कडेवर स्वच्छ प्लॅस्टिक किंवा ताडपत्री टाका, पण ती मातीला चिकटू देऊ नका. खाली काटक्या ठेवल्या तर हवा खेळते. पावसाळ्यात वरच्या बाजूनं चर काढून पाणी वळवा. उघडी पडलेली भांडी तडकायला लागली तर मऊ मातीनं पुन्हा झाकून टाका. मातीत ती शेकडो वर्षं टिकली आहेत. रात्री राखण लावा, ग्रामरक्षक दलाची मदत घ्या.

पाहणीला आलेल्यांना कड दाखवा, वेगळा ठेवलेला ढीग दाखवा, वही दाखवा, आणि ज्यानं आधी पाहिलं त्याला पुढे करा. त्याला आठवतं ते कुठल्याही फोटोत नसतं: बकेटला आवाज कसा आला, माती कुठे सैल लागली, वस्तू उभी होती की आडवी.

वस्तू नेल्या जातील तेव्हा प्रत्येकीची यादी, वर्णन आणि फोटो असलेली पोचपावती घ्या. त्या कोणत्या संग्रहालयात किंवा कोणत्या कार्यालयात जाणार हे त्यावर लिहून घ्या. काही महिन्यांनी तिथे पत्र लिहून नोंदणी क्रमांक मागा, आणि वस्तूची ओळख पटली असेल तर तिच्या माहितीची प्रतही. हे सगळे कागद, फोटो आणि हातनकाशा यांची एक फाईल ग्रामपंचायतीत ठेवा, गट नंबर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून. शेजारच्या गटात पुढच्या वर्षी कुणी मुरमाची परवानगी मागायला आलं, की ग्रामसेवकानं ती फाईल आधी त्याच्यासमोर ठेवावी.